कच्चं खाऊन ताकद येईल का?

भाऊ, दूध-अंडी सोडून, चूल न पेटवता फक्त कच्चं वनस्पतीचं खाऊन व्यायामाला ताकद पुरेल का, असं विचारलंस. रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात राहतोस, तेव्हा दम टिकवायला लागणारी कर्बोदकं केळ्यातून स्वस्तात मिळतील. घोडं अडतं ते प्रथिनांवर. वजनं उचलणाऱ्याला शरीराच्या दर किलोमागे साधारण 1.6 ग्रॅम प्रथिनं लागतात. तू 60 किलोचा, म्हणजे रोज 96 ग्रॅम. 100 ग्रॅम शेंगदाण्यात 25 ग्रॅम असतात, पण सोबत जवळपास 50 ग्रॅम तेलही येतं. मोड आलेल्या मुगात पाणीच जास्त, त्यामुळे वाडगाभर खाल्लं तरी हाती थोडंच लागतं, वर पोट डब्ब. राजमा मात्र मोड आणूनही कच्चा खाऊ नकोस, विषबाधा होते.

बी12 जीवनसत्त्वाची गोळी पहिल्या दिवसापासून हवीच. ते कोणत्याच भाजीपाल्यातून भरवशाने मिळत नाही. क्रिएटिन, म्हणजे स्नायूंना जोर देणारी पूड, तीही घे; बाजारातली ही पूड कारखान्यात बनते, प्राणिज नसते.

माझं विचारशील तर दूध-अंडी खुशाल सोड, चुलीशी वैर कशाला? कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी, तुरीचं घट्ट वरण, भरीत हे सगळं वनस्पतीचंच. ज्वारीत कमी असलेलं लायसिन, म्हणजे प्रथिनांतला एक गरजेचा घटक, उडदातून मिळतं. सकाळी कच्चं, व्यायामानंतर शिजवलेलं, असं महिनाभर करून बघ. वजन आणि उठाबशांचा आकडा वहीत लिही. आकडा घसरला तर आधी शेंगदाणे नको, डाळ वाढव.