मुलाखत ‘पुढे ढकलावी’ की ‘वेळ बदलून मिळावी’?

प्रश्न असा आहे : एका शिक्षणसंस्थेत ग्रंथपालपदासाठी सोमवारी, १५ जूनला सकाळी ११ वाजता मुलाखत ठरली आहे. नेमकी त्याच दिवशी विद्यापीठाची प्रात्यक्षिक परीक्षा आली. संस्थेला मराठीतून मेल करायचा आहे. ‘मी मुलाखतीचे पुनर्नियोजन करू इच्छिते’ असे लिहावे, की ‘मुलाखत पुढे ढकलावी’ असे?

दोन्ही नको. ‘मुलाखतीची वेळ बदलून मिळावी’ असे लिहा.

कार्यक्रम ज्याच्या हातात असतो तो तो पुढे ढकलतो. विद्यापीठ परीक्षा पुढे ढकलते, मंडळ सभा पुढे ढकलते. शिवाय त्या दिवशी आणखी पाच-सात उमेदवार येणार असतील, तर ‘मुलाखत पुढे ढकलावी’ याचा अर्थ सगळ्यांच्याच मुलाखती हलवा असाही निघतो. तुम्हाला फक्त स्वतःची वेळ हलवून हवी आहे. ‘पुनर्नियोजन’ तर त्याहून जड. नियोजन सबंध कार्यक्रमाचे असते, आणि ‘करू इच्छिते’ म्हटल्यावर ते करणाऱ्या तुम्ही ठरता. निर्णय त्यांचा आहे, तो वाक्यातही त्यांच्याकडेच राहिला पाहिजे.

हे काम ‘मिळावी’ हे रूप फार सुंदर करते. ‘वेळ बदलून द्या’ ही आज्ञा झाली. ‘द्यावी’ मध्ये विनंती आहे, पण अमुक एक गोष्ट तुम्ही करा असा रोखही आहे. ‘मिळावी’ मध्ये कर्ता कुठेच दिसत नाही, कोणावर बोट नाही. फोनवर मात्र ‘मिळावी’ पुस्तकी वाटते. तिथे ‘वेळ बदलून मिळू शकेल का?’ असे विचारा, म्हणजे समोरच्याला अवघडल्याशिवाय नाहीही म्हणता येते.

इथे ‘वेळ’ शब्दाचे लिंग जपा. मराठीत हा शब्द स्त्रीलिंगी आणि पुल्लिंगी असा दोन्ही चालतो आणि लिंग बदलले की अर्थ बदलतो. ठरलेला क्षण असेल तर ती वेळ : दुसरी वेळ मिळावी, वेळेवर पोचले. कालावधी असेल तर तो वेळ : थोडा वेळ द्या, वेळात वेळ काढून आले. त्यामुळे ‘मला वेळ मिळावा’ असे लिहिलेत तर तयारीला आणखी दिवस हवेत असा समज होईल. काना की वेलांटी, एवढाच फरक आहे, पण मुलाखत घेणाऱ्याच्या मनात तो उमेदवाराविषयी वेगळे मत तयार करू शकतो.

कारण सांगतानाही क्रियापदच महत्त्वाचे. ‘मी सोमवारी येणार नाही’ हा नकार आहे. ‘मला सोमवारी येता येणार नाही’ ही अडचण आहे. त्या एका ‘येता’ने इच्छा आहे पण शक्य नाही हे सांगून होते. ‘मी येऊ शकत नाही’ व्याकरणात बसते, पण कानाला कोरडे लागते. कारण एका वाक्यात, नेमके द्या. ‘अपरिहार्य कारणास्तव’ हा आयोजकांच्या सूचनाफलकावरचा शब्द आहे. उमेदवाराने तो वापरला की कारण लपवल्यासारखे दिसते. आजारपण किंवा घरचा विषय असेल आणि तपशील द्यायचा नसेल, तर ‘घरगुती अडचणीमुळे’ पुरेसे आहे.

‘रद्द’ हा शब्द मेलमध्ये येऊच देऊ नका. ‘१५ तारखेची मुलाखत रद्द करून १७ तारखेला ठेवावी’ हे वाक्य घाईत वाचणाऱ्याची नजर ‘रद्द’वर थांबते आणि तुमचे नाव यादीतून जाऊ शकते. वेळ आधीची हवी असेल तेव्हा तर आणखी सांभाळा. पुढेच्या उलट मागे, म्हणून ‘मुलाखत मागे घ्यावी’ असे कोणी लिहिले, तर मराठीत मागे घेणे म्हणजे सोडून देणे : अर्ज मागे घेतला, तक्रार मागे घेतली. अशा वेळी ‘१५ तारखेच्या आधीची वेळ मिळावी’ म्हणा. ‘तहकूब’ आणि ‘स्थगित’ही इथले नव्हेत. सभागृहाचे कामकाज किंवा सुनावणी तहकूब होते, तर स्थगिती एखाद्या आदेशाला मिळते. ‘लांबणीवर टाकणे’ यात पुढची तारीखच नसते.

आता दिवस आणि वेळ लिहिण्याबद्दल. सर्वांत जास्त घोटाळे इथेच होतात. मराठीत ‘परवा’ मागचाही असतो आणि पुढचाही. बोलताना क्रियापदावरून कळते. पण मेलच्या विषयात ‘परवाच्या मुलाखतीबद्दल’ लिहिले की क्रियापदच नाही, मग कुठला परवा? ‘पुढचा बुधवार’ कोणाला या आठवड्यातला वाटतो, कोणाला त्यानंतरचा. म्हणून वार, तारीख आणि वेळ तिन्ही लिहा, वेळेच्या आकड्याआधी ‘सकाळी’ किंवा ‘दुपारी’ घाला. नुसते ‘१२ वाजता’ नको, ‘दुपारी १२ वाजता’ हवे. मुलाखत ऑनलाइन असेल आणि तुम्ही दुबईत किंवा लंडनमध्ये असाल, तर ‘भारतीय वेळेनुसार’ हे दोन शब्द जोडा. पर्याय दोन किंवा तीन द्या. एकच दिला तर ती अट होते, ‘कधीही चालेल’ म्हटले तर पुढची जुळवाजुळव पुन्हा त्यांच्यावर पडते. आणि ‘आपल्या सोयीनुसार’ लिहा, ‘सवडीने’ नको. सोय म्हणजे त्यांना जमणारी वेळ, सवड म्हणजे रिकामा वेळ. सवडीने कळवा म्हटले की उत्तरही सवडीने येते.

संबोधनात ‘आपण’ घेतले तर शेवटपर्यंत ‘आपण’, मध्येच ‘तुम्ही’ नको. पण ‘आपण वेळ बदलू शकतो का?’ हे इंग्रजी वळणाचे वाक्य टाळा. इथला ‘आपण’ म्हणजे तुम्ही आणि ते मिळून, जणू वेळ दोघांनी ठरवायची आहे.

मजकूर साधारण असा होईल :

विषय : ग्रंथपालपदाच्या मुलाखतीची वेळ बदलून मिळण्याबाबत (सोमवार, १५ जून, सकाळी ११)

महोदय,
मुलाखतीसाठी बोलावल्याबद्दल मनापासून आभार. त्याच दिवशी सकाळी माझी विद्यापीठाची प्रात्यक्षिक परीक्षा असल्याचे आज कळले. त्यामुळे मला ठरलेल्या वेळी हजर राहता येणार नाही. मुलाखतीची वेळ बदलून मिळावी, ही विनंती. बुधवार, १७ जून किंवा गुरुवार, १८ जून रोजी सकाळी १० ते दुपारी ४ या वेळेत मी केव्हाही येऊ शकेन. आपल्या सोयीनुसार वेळ कळवावी. आपल्याला होणाऱ्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहे.
आपली विश्वासू,

खाली पूर्ण नाव, अर्ज क्रमांक असल्यास तो, आणि फोन नंबर. ‘स. न. वि. वि.’ आणि ‘लोभ असावा’ ही घरगुती पत्रांची शोभा आहे, इथे नको. ‘दिलगीर’ऐवजी ‘क्षमस्व’ चालेल, पण तो एकटाच वापरावा. क्षमस्व हे संस्कृत आज्ञार्थी रूप आहे, अर्थ ‘क्षमा कर’. म्हणून ‘मी क्षमस्व आहे’ हे वाक्यच होत नाही.

हा मेल मुलाखतीला बोलावणाऱ्या मेललाच उत्तर म्हणून पाठवा, म्हणजे जुना संदर्भ शोधावा लागत नाही. अडचण कळली की त्याच दिवशी पाठवा. मुलाखतीला एक दिवसही उरला नसेल तर आधी फोन करा : ‘नमस्कार, सोमवारी सकाळी अकराच्या मुलाखतीसाठी मला बोलावलं आहे. त्याच वेळी परीक्षा आली आहे. वेळ बदलून मिळू शकेल का?’ आणि फोन झाल्यावर तेच मेलने लेखी कळवा. उत्तर येईपर्यंत जुनीच वेळ कायम आहे असे धरून चाला.

नवी वेळ आली की लगेच पोच द्या : ‘बुधवार, १७ जून रोजी सकाळी ११ वाजता हजर राहीन.’ ‘राहीन’ मधली ‘ही’ दीर्घ. ‘राहिन’ असे पुष्कळ जण लिहितात, पण ग्रंथपालपदाच्या उमेदवाराने लिहू नये.