वाचकांचे प्रश्न : न फिरवता फिरणारा नॉब

प्रश्न : यामाहा डीएक्स ७ या सिंथेसायझरसाठी सोळा नॉबचं पॅनेल बनवलंय. आर्डुइनो नॅनो (छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड), एक ७४एचसी४०६७ (सोळा नॉब आळीपाळीने एकाच पिनवर जोडणारी चिप) आणि १० केचे पॉट (नॉबखालचे फिरते रेझिस्टर). नॉबला हात न लावताही आवाज बदलत राहतो, आणि ऑपरेटर १ ची (आवाज घडवणाऱ्या सहा ध्वनिस्रोतांपैकी पहिल्याची) लेव्हल फिरवली की ६ ची बदलते. काय चुकलं?
— एक वाचक, लोकमान्यनगर, इंदूर

उत्तर : दुसरी तक्रार आधी, ती सोपी आहे. डीएक्स ७ ची मोजणी उलटी चालते. पॅरामीटर, म्हणजे आवाजाच्या सेटिंग, ० ते २० ऑपरेटर ६ चे, शेवटचे १०५ ते १२५ ऑपरेटर १ चे. आउटपुट लेव्हल ऑपरेटर ६ ची १६, पुढे दर ऑपरेटरला २१ मिळवत ऑपरेटर १ ची १२१. तुम्ही १६ पाठवताय. मिडी (वाद्यांना जोडणारी संदेशप्रणाली) चॅनेल १ वर पूर्ण संदेश असा जायला हवा : २४०, ६७, १६, ०, १२१, किंमत, २४७. (इथला १६ चॅनेल १ दाखवतो, ऑपरेटर ६ ची लेव्हल नव्हे, गल्लत नको.) अल्गोरिदमचा (ऑपरेटर एकमेकांना कसे जोडायचे त्या सेटिंगचा) क्रमांक १३४, एका बाइटमध्ये १२७ च्या वर जाता येत नाही, म्हणून चौथा बाइट १ आणि पाचवा ६.

आता थरथर. मिडीचा वेग ३१,२५० बॉड (सेकंदाला तेवढे बिट), म्हणजे सात बाइटना सव्वादोन मिलिसेकंद. सोळा पॉट थरथरत राहिले की केबल सतत भरलेली. आधी प्रत्येक पॉटच्या मधल्या पायापासून ग्राउंडला १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर लावा. तो ४०६७ च्या सामायिक पिनवर मात्र लावू नका. आधीच्या नॉबचा चार्ज तिथे साठतो आणि एक नॉब फिरवला की शेजारचा हलतो. ४०६७ चं चॅनेल बदलल्यावर, म्हणजे पुढच्या नॉबकडे गेल्यावर, पहिलं वाचन टाकून द्या, दुसरं धरा. नॅनोचं कच्चं वाचन (० ते १०२३) मागच्या पाठवलेल्यापेक्षा निदान ८ ने सरकलं आणि ०–९९ मधली किंमतही बदलली, तरच संदेश सोडा. सुरू होताना सगळे पॉट नुसते वाचा, पाठवू नका. नाहीतर लावलेला आवाज त्याच क्षणी पुसला जातो.

नॉब एक तृतीयांश फिरेपर्यंत ठीक आणि पुढे किंमत वेडीवाकडी, असं होत असेल तर पॉटला दोष देऊ नका. कच्चं वाचन ०–९९ वर आणताना ते १०० ने गुणलं जातं; ३२८ गुणिले १०० म्हणजे ३२,८००, आणि नॅनोच्या इंटमध्ये (साध्या पूर्णांकात) ३२,७६७ पर्यंतच मावतं. गुणाकार लाँगमध्ये (मोठ्या पूर्णांकात) करा.

महाराणी रोडवर नवे पॉट घ्यायचे झाले तर ‘बी १० के’ छापलेलेच मागा. ‘ए’ लॉग असतो (‘बी’सारखा समप्रमाणात वाढत नाही), त्यात निम्म्या फेरीपर्यंत फारसं काही घडतच नाही.