अमृततुल्यची फ्रँचायझी घेण्याआधी कपांचा हिशेब

प्रश्न: माझं वय 27, मेकॅनिकल डिप्लोमा. चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत चार वर्षं चार महिने झाले, कायम आहे. बेसिक 18,000, हातात 27,000 येतात. गाव कराडजवळ. कराडच्या एसटी स्टँडजवळ एका अमृततुल्य ब्रँडची फ्रँचायझी घ्यायचं मनात आहे. फ्रँचायझी फी 3 लाख, फर्निचर आणि मशिनरी 4.5 लाख, गाळ्याचं डिपॉझिट 1 लाख, भाडं 18,000. रॉयल्टी नाही, पण चहा पावडर आणि मसाला त्यांच्याकडूनच घ्यायचा. महिन्याला 65,000 निव्वळ नफा होतो, असं कंपनी सांगते. पैशांची जुळणी अशी: पीएफ 1.65 लाख, एफडी 1.5 लाख, वडिलांच्या निवृत्तीच्या पैशांतून 3 लाख (ते एसटीत होते, पैसे सध्या पतसंस्थेत आहेत), बाकी 2.5 लाख पर्सनल लोन. या महिनाअखेरपर्यंत 1 लाख भरले तर फीमध्ये 50,000 सूट आहे. पत्नी घरी असते, मुलगी एक वर्षाची आहे. करू का?

उत्तर: आधी तातडीचं सांगतो. महिनाअखेरीचं ते बुकिंग करू नका. सूट गेली तर जाऊ द्या. हा ब्रँड पुढच्या महिन्यातही फ्रँचायझी देतच असेल, पण भरलेले 1 लाख परत मिळतील असं कुठल्या कागदावर लिहिलेलं आहे, ते तुमच्या पत्रात नाही. आपल्याकडे फ्रँचायझीसाठी वेगळा कायदा नाही. ब्रँडच्या किती शाखा चालल्या आणि किती बंद पडल्या, हे घेणाऱ्याला आधी उघड करण्याची सक्ती त्यामुळे कुणावर नाही. तुमचं संरक्षण सहीच्या करारात असेल तेवढंच.

आता 65,000 नफ्याकडे येऊ. हा आकडा मी कपांत मोडून बघितला, तुम्हीही बघा. कप 12 रुपयांना विकला जातो असं धरू. लिटरभर दुधात अर्धा लिटर पाणी घातलं की छोटे वीसेक कप होतात. दूध 60 रुपये लिटर म्हणजे कपामागे 3 रुपये. पावडर, साखर, मसाला, व्यावसायिक सिलिंडरचा गॅस आणि कागदी कप मिळून आणखी अडीच रुपये. उतू गेलेलं, सांडलेलं, ओळखीच्यांना पाजलेलं धरलं की खर्च 6 रुपयांवर जातो. कपामागे तुमच्या हातात राहतात 6 रुपये.

महिन्याचा ठरलेला खर्च मी असा धरतो: भाडं 18,000, कारागीर आणि मदतनीस मिळून 28,000, वीज-पाणी-इंटरनेट 5,000, साफसफाई आणि किरकोळ दुरुस्ती 4,000. झाले 55,000. पर्सनल लोन 14 टक्क्यांनी तीन वर्षांसाठी मिळालं तर हप्ता साधारण 8,550. एकूण 63,550. सहाने भागा. महिन्याला दहा हजार सहाशेच्या आसपास, म्हणजे रोज साडेतीनशे कप विकल्यावर तुमच्या हातात शून्य रुपये येतात. आजचा 27,000 पगार सुटायला रोज 500 कप लागतील. कंपनीचे 65,000 सुटायला 714.

सकाळी सहा ते रात्री आठ दुकान उघडं ठेवलं तर 714 कप म्हणजे तासाला एक्कावन्न. चौदा तास, महिन्याचे तीसही दिवस, जवळजवळ दर मिनिटाला एक कप. बन मस्का, क्रीमरोल, बिस्किटांनी थोडा हातभार लागेल, पण एप्रिल-मे आणि कॉलेजच्या सुट्ट्या तो खाऊन टाकतील. शिवाय 4.5 लाखांचं फर्निचर आणि मशिनरी पाच वर्षांत झिजणार. तो खर्च मी यात धरलेलाच नाही, कंपनीनेही धरला नसणार.

अजून एक गोष्ट बहुतेक नवे दुकानदार विसरतात. रोज 500 कप, 12 रुपये दराने, वर्षभर विकले तर उलाढाल 21.9 लाख होते. चहाचं दुकान जीएसटीत रेस्टॉरंट सेवेत मोडतं आणि सेवांसाठी नोंदणीची मर्यादा 20 लाख आहे. म्हणजे तुमच्या पगाराइतकं उत्पन्न मिळवायला जितकी विक्री लागते, तितक्यातच तुम्ही जीएसटीत येता. कंपोझिशन योजना, म्हणजे छोट्या धंद्यांसाठी विक्रीवर ठरावीक टक्के कर भरायची सोपी पद्धत, घेतलीत तर विक्रीवर 5 टक्के भरावे लागतात आणि ते गिऱ्हाइकाकडून वेगळे मागता येत नाहीत. कपामागे 60 पैसे गेले, 6 रुपयांचे 5.40 राहिले. हा हिशेब धरला की 500 चे जवळपास 560 कप होतात. फ्रँचायझी फीवरही 18 टक्के जीएसटी लागतो. 3 लाखांवर 54,000 रुपये, आणि कंपोझिशनमध्ये असाल किंवा नोंदणीच नसेल तर त्याचं क्रेडिट, म्हणजे भरलेल्या कराची वजावट, मिळत नाही. तुम्ही जुळवलेत 8.65 लाख, कंपनीच्या यादीप्रमाणे लागतात 8.5 लाख. हे 54,000 त्या यादीत आहेत का, ते लेखी विचारा. नसतील तर शटर उघडायच्या आधीच तुम्ही तुटीत आहात. सूट मिळाली तरी हे अंतर काठावरच राहतं, आणि दुकान जम बसवेपर्यंत घरखर्च कशातून करायचा याची तरतूद तुमच्या यादीत कुठेच नाही.

पैसे कुठून आणताय, याची मला विक्रीपेक्षा जास्त काळजी वाटते. वडिलांचे 3 लाख यात घालू नका. एसटीतून निवृत्त झालेल्या माणसाचं पेन्शन किती असतं ते तुम्ही घरात बघताच आहात. तेच 3 लाख पोस्टाच्या मासिक उत्पन्न योजनेत 7.4 टक्क्यांनी ठेवले तर महिन्याला 1,850 येतात. त्यांच्या औषधपाण्याला ते उपयोगी पडतील. पतसंस्थेतून ते पैसे तसेही हलवावेत असं माझं मत आहे. बँकेतल्या ठेवींना 5 लाखांपर्यंत ठेव विम्याचं संरक्षण असतं, पतसंस्थेतल्या ठेवींना ते नसतं.

पीएफचंही तेच. नोकरी सोडली की पूर्ण रक्कम लगेच हातात येत नाही, त्यामुळे गाळा ताब्यात घ्यायच्या दिवशी हे पैसे मिळतील असं धरूच नका. पाच वर्षांची सलग नोकरी होण्याआधी काढले तर 10 टक्के टीडीएस कापला जातो. तुमच्या उत्पन्नावर नव्या करपद्धतीत बहुधा कर बसणार नाही आणि रिटर्न भरल्यावर ते 16,500 परत मिळतील, पण ऐन गरजेच्या वेळी ते अडकलेले असतील. पीएफ तसाच राहिला तर त्यावर व्याज चालू राहतं. 2024-25 चा दर 8.25 टक्के होता. तुमच्या स्वतःच्या निवृत्तीसाठी बाजूला पडलेली ही एकच रक्कम आहे.

तुमच्या पत्रातला सर्वांत मोलाचा तपशील मला वाटतो तो चार वर्षं चार महिन्यांचा. आणखी आठ महिने थांबलात तर पाच वर्षं पूर्ण होतात आणि ग्रॅच्युइटीचा हक्क लागतो. 18,000 बेसिकवर 15 भागिले 26 गुणिले 5, म्हणजे सुमारे 51,900 रुपये. ब्रँड जी सूट दाखवून तुम्हाला घाईला लावतोय, तिच्यापेक्षा जास्त रक्कम नुसती नोकरी पूर्ण केल्याने मिळते. याच आठ महिन्यांत कंपनीच्या मेडिक्लेमऐवजी स्वतःच्या कुटुंबाची पॉलिसी घेऊन ठेवा. नोकरी गेली की तो मेडिक्लेम जातो, आणि घरात एक वर्षाची मुलगी आहे. वैयक्तिक आरोग्य विम्यावर 22 सप्टेंबर 2025 पासून जीएसटी नाही.

धंदा करू नका, असं मी म्हणत नाही. तुमच्या वयात आणि गावाकडे स्वतःचं घर असताना धंदा करून बघायला हरकत काहीच नाही. माझा आक्षेप 3 लाखांच्या पाटीला आहे. राजस्थानातून पुण्यात आलेल्या श्रीमाळी कुटुंबांनी जी जुनी अमृततुल्यं चालवली, तिथे मालक स्वतः पातेल्यासमोर असायचा आणि चहाची चव त्याच्या हातात असायची. तुमच्या आराखड्यात चहा 28,000 च्या पगारी माणसांच्या हातात आहे. कारागीर दिवाळीत गावाला गेला तर दुकान कोण चालवणार? सुट्टीच्या दिवसांत एखाद्या चालत्या दुकानात उभं राहून स्वतः चहा करायला शिका. तुम्ही स्वतः पातेल्यासमोर उभे राहिलात तर कारागिराचा पगार वाचतो आणि वर काढलेला 500 चा आकडा बराच खाली येतो.

स्वतःच्या नावाने, ब्रँडशिवाय, 4 लाखांत दुकान उभं राहू शकतं. त्यासाठी पर्सनल लोनच्या आधी पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमाचा, म्हणजे पीएमईजीपीचा विचार करा. जिल्हा उद्योग केंद्रात चौकशी होते, अर्ज ऑनलाइन असतो. खुल्या वर्गातल्या अर्जदाराला शहरी भागात प्रकल्पखर्चाच्या 15 टक्के आणि ग्रामीण भागात 25 टक्के अनुदान मिळतं, स्वतःचे 10 टक्के घालावे लागतात. 4 लाखांच्या शहरी प्रकल्पात तुमचे 40,000 आणि अनुदान 60,000. महिला, ओबीसी, अनुसूचित जाती-जमाती अशा विशेष प्रवर्गात स्वतःचे 5 टक्केच लागतात आणि अनुदान शहरात 25, ग्रामीण भागात 35 टक्के होतं. म्हणजे अर्ज पत्नीच्या नावाने केला तर फायदा जास्त. पण त्या खरोखर धंद्यात उभ्या राहणार असतील तरच तसं करा, कारण पती-पत्नी मिळून एकालाच हा लाभ मिळतो. अनुदान लगेच खर्चायला मिळत नाही, तीन वर्षं बँकेत ठेव म्हणून राहतं. बँक कर्ज नाकारूही शकते. आणि ही योजना नव्या उद्योगालाच आहे. आधी दुकान उघडलं आणि मग अर्ज केला, तर दार बंद. मुद्रा या सरकारी योजनेचं कर्ज दुसरा पर्याय आहे, 50,000 ते 5 लाखांपर्यंत किशोर गटात, तारणाशिवाय.

एवढं वाचूनही त्याच ब्रँडची फ्रँचायझी हवी वाटली, तर सातारा-सांगली भागातल्या त्यांच्या तीन चालत्या शाखा निवडा. कंपनीने दाखवलेल्या नकोत, तुम्ही शोधलेल्या. तिथे कामाचा दिवस, रविवार आणि आठवडी बाजाराचा दिवस असं बसून कप मोजा. मालकांकडे क्यूआरवर जमा होणाऱ्या रकमेचं सहा महिन्यांचं स्टेटमेंट मागा. काही जण दाखवतील, आणि जो दाखवणार नाही त्याच्या नकारातूनही तुम्हाला काहीतरी समजेल. करारात जवळपास दुसरी शाखा न देण्याचं अंतर, मुदत संपल्यावर नूतनीकरणाची फी, पावडर-मसाल्याचे दर किती वाढवता येतील आणि दुकान बंद करावं लागलं तर काय, हे लेखी हवं. गाळ्याचा लिव्ह अँड लायसन्स करार अकरा महिन्यांचा करू नका. कर्ज तीन वर्षांचं असेल तर करारही किमान तीन वर्षांचा हवा, मालकाला मध्येच खाली करून मागता येणार नाही अशा अटीसह, आणि नोंदणी केलेला.

तिन्ही शाखांत रोज 550 च्या वर कप दिसले, तर मोजलेले आकडे आणि कराराचा मसुदा मला पाठवा. मग कर्ज किती घ्यायचं यावर बोलू. तोपर्यंत पगारातून दरमहा 5,000 वेगळ्या खात्यात टाका. आठ महिन्यांत 40,000 होतील, पीएमईजीपीत तुमच्या वाट्याला येणारी रक्कम तेवढीच आहे.