सांगलीत म्हशीचं दूध प्यायलं की पोट फुगतं, ताक मात्र पचतं. गाईचं दूध सुरू केलं तर फरक पडेल का?

फारसा नाही, लॅक्टोज ही साखर गाय-म्हैस दोन्हींच्या दुधात जवळपास सारखीच, साधारण ५ टक्के असते. ती फोडणारं लॅक्टेज हे एन्झाइम (पाचक द्रव्य) लहान आतड्यात तयार होतं आणि बऱ्याच जणांत बालपणानंतर कमी होत जातं. मग न पचलेलं लॅक्टोज मोठ्या आतड्यातले जिवाणू आंबवतात, त्यातून गॅस, गुडगुड, कधी जुलाब. दही लागताना विरजणातल्या जिवाणूंनी थोडं लॅक्टोज आधीच संपवलेलं असतं, म्हणून ताक सोसतं. (बासुंदीत पाणी आटतं, लॅक्टोज नाही, तेव्हा बेतानं.) मिरजेत आहारतज्ज्ञ म्हणून मी आधी जेवणासोबत अर्धा कप दूध घेऊन बघायला सांगते. पण दुधानं ओठ सुजत असतील, अंगावर गांधी उठत असतील तर ती ॲलर्जी असू शकते. तिथे असले प्रयोग नकोत, डॉक्टरांना दाखवा.