नवरा गावी आला की नकोसा होतो, मी वाईट बाई आहे का?

हा प्रश्न आतापर्यंत किती जणींनी विचारला ते मोजलं नाही. चिपळूण, संगमेश्वर, गुहागरकडच्या बायका, नवरा मुंबईला, शिमग्याला नि गणपतीला येणार, जमलं तर मे महिन्यात. आमच्या रत्नागिरीत 2011 च्या जनगणनेत हजार पुरुषांमागे 1122 बायका निघाल्या, लोक कौतुकाने सांगतात, पण अहो पुरुष मुंबईत मोजले गेले, दुसरं काय!

एकीचं सांगते, ओळख लागू नये म्हणून थोडं बदलून. दोन मुलं, सासू, एक गाय, भात आणि चार कलमं. सारखं डोकं दुखतं म्हणून डॉक्टरांनी माझ्याकडे समुपदेशनाला पाठवलेली. तिसऱ्या भेटीत बोलली.

"ते येणार म्हणून घर सारवते, वडे करते मॅडम, आणि चौथ्या दिवशी वाटतं कधी एकदा एसटीत बसतायत."

"चौथ्या दिवशी काय होतं?"

"तांदळाचं पिंप हलवतात."

खरंच. खिडकीजवळचं पिंप दाराशी, पंपाची वेळ बदललेली, आणि तिची हिशोबाची वही घेऊन पडवीत बसणार, साखर एवढी कशी लागली. सासूबाईंना बोलावलं तर त्या म्हणाल्या, आम्ही मनीऑर्डरीवर संसार केला, ब्याऐंशीच्या गिरणी संपात तीपण बंद झाली, हिच्याकडे रोज फोन येतो तरी हिचं डोकं दुखतं. आधी रागच आला मला, मग लक्षात आलं की यांना तेव्हा कोणी विचारलंच नव्हतं.

पुढच्या वेळी बोलता बोलता ती सांगत होती, घरपट्टीवाला आला, घरात कोण आहे का म्हणाला, मी सांगितलं कोणी नाही, ते मुंबईला.

मी म्हटलं, "तू कुठे होतीस?"

"दारातच की."

"मग घरात कोण नव्हतं?"

ती हसली, मग हसता हसता थांबली आणि पदर तोंडाला लावून कितीतरी वेळ बसून राहिली. मी काही बोलले नाही. नवीन असताना मी अशा वेळी पाण्याचा ग्लास पुढे करायचे, आता करत नाही, एवढं तरी इतक्या वर्षांत शिकले.

मी एकट्या माणसाकडे बघत नाही, घराची घडी बघते. तिला नवरा नकोसा नव्हताच. वर्षभर ती कर्ती, आणि तो आला की एका रात्रीत सून, ही अदलाबदल कोणी न बोलता व्हायची. गणपतीत त्याला बोलावला. तो म्हणाला, "तिकडे गाववाल्यांच्या खोलीत आठ जण, झोपायला पाळी. इथे आलो तरी पाहुणाच, चहा घेणार का विचारते." म्हणजे पिंप हलवणं ही त्याची घरात शिरायची धडपड! हे ऐकून तिने पहिल्यांदा त्याच्याकडे नीट बघितलं.

म्हणून आता सगळ्यांनाच सांगते, तो निघायच्या आधी फोनवरच ठरवा की या वेळी कोणतं काम त्याचं, कौलं म्हणा, गडगा म्हणजे दगडी कुंपण म्हणा, आणि कशात त्याने हात घालायचा नाही. पहिले दोन दिवस वही बाहेर काढू नका. मुलांना "थांब, पप्पा आले की सांगते" म्हणणं बंद करा, तो येतो तो फौजदार होऊनच. आणि सातबाऱ्यावर बायकोचं नाव लावायचा विषय काढा, नवरा राजी असेल तर लागतं, 1992 पासून तशी सोय आहे, नाहीतर राबायचं तिने आणि कागदावर शेतकरी तो. मारहाण असेल किंवा पैसेच येत नसतील तर मात्र हे काहीच लागू नाही, सरळ 181 या महिला हेल्पलाइनला फोन करा.

शिमग्यानंतर तिचा फोन आला. पंपाची वेळ त्याने परत बदलली होती, हिने परत जागेवर आणली, तो काही बोलला नाही. चहा स्वतः करून प्यायला म्हणे. साखर भरपूर घालून.