टोपीवर ठसा उथळ असेल तर काडतुसाला दोष देऊ नका

दादा, तुमच्या दुनळी बंदुकीची उजवी नळी दगा देते, टोपीवर (काडतुसाच्या बुडाशी फटक्यानं पेटणारी छोटी वाटी) ठसा पडतो पण बार होत नाही, आणि दुकानदार म्हणतो काडतुसं सादळली. फोटो पाहिला. दोष बंदुकीत आहे, असं माझं ठाम मत. मी कारागीर नाही, परवानाधारक शेतकरी आहे, तेव्हा शेवटचा शब्द कारागिराचा.

सादळलेल्या काडतुसावरही ठसा चांगला खोल उमटतो. टोपीवर आदळणाऱ्या पिनेनं काम केलेलं असतं, टोपी पेटत नाही इतकंच. तुमच्याकडे नखानं टोचल्यासारखा उथळ खळगा आहे, म्हणजे फटकाच कमी पडतो. स्प्रिंग थकली असेल, पिन झिजली असेल नाहीतर तिच्या भोकात घाण बसली असेल. त्याच डब्यातली काडतुसं डाव्या नळीत वाजतात, हे तुम्हीच लिहिलंय.

आता खरं दुखणं. निवडणुकीत बंदूक जमा केली होती का? आमची जिथं जमा झाली, तिथं ती ओल आलेल्या भिंतीला टेकून पावसाळाभर उभी होती. परत मिळाली तेव्हा पिनेच्या भोकात गंज आणि वाळून घट्ट झालेलं ग्रीस. पावतीवर बंदुकीची हालत लिहा म्हटलं, तर जमा करून घेणारा म्हणतो "तसा रकाना नाही". परत घेताना गंज दाखवला, तर "आधीचाच असेल". ऐन तुरीच्या जागलीत रोही (नीलगाय) वावरात आणि बंदूक मुकी. दुरुस्तीचा खर्च आमच्याच माथी. म्हणून सांगतो, जमा करण्याआधी तेलाचा हात फिरवा, तारीख दिसेल असे फोटो काढा आणि अर्जातच हालत लिहून पोच घ्या. रकाना नसला तरी अर्ज देता येतो.

तुमच्या काकांनी हातानं भरलेल्या पितळी काडतुसांचं वेगळं आहे. टोपी पूर्ण बसलेली नसेल, तर पहिला फटका तिला आत ढकलण्यातच जातो आणि दुसऱ्याला बार होतो. बुडावरून बोट फिरवा, टोपी वर आलेली लागली तर ते काडतूस वापरूच नका. माझं विचाराल तर तो डबाच बाजूला ठेवा. १९५९च्या शस्त्र कायद्यात दारूगोळा बनवायलाही परवाना लागतो, त्यामुळे घरी भरायच्या भानगडीत पडू नका. नेमका नियम वकिलाला विचारा.

टोपीला आरपार भोक दिसलं तर मात्र बंदूक वापरणं त्याच क्षणी बंद करा. बहुधा पिन लांब किंवा टोकदार झालेली असते आणि गॅस चालवणाऱ्याच्या तोंडाकडे येतो. ठशाला शेपटीसारखा ओरखडा असेल, तर नळी मोडताना (म्हणजे काडतूस काढायला बंदूक उघडताना) पिन मागे सरकत नाहीये. कारागिराकडे जाताना वाजलेल्या काडतुसांची रिकामी टोपणं उजवी-डावी लिहून न्या, तो अर्ध्या वेळात सांगेल. पिन कानशीनं घासून देतो म्हणणाऱ्याकडे देऊ नका, नवीनच बसवा.

बार झाला नाही तर लगेच नळी मोडू नका. बंदुकीचं तोंड मोकळ्या, सुरक्षित दिशेला धरून किमान ३० सेकंद थांबा, मी तर पूर्ण मिनिट थांबतो. टोपी उशिरा पेटू शकते. न वाजलेलं काडतूस फोडू नका, चुलीत तर नाहीच नाही. परवानाधारक दुकानात नाहीतर ठाण्यात नोंद करून द्या.