मुलीला ग्रंथालयशास्त्र घेऊ द्यावे का?

आपले पत्र मिळाले. आपल्या मुलीचे संगणकशास्त्रातील बी.एस्सी. यंदा पूर्ण होत आहे, संकेतस्थळे घडवण्यात तिचा हात चांगला बसला आहे आणि तरीही तिला ग्रंथालयशास्त्राला प्रवेश घ्यायचा आहे. ‘पुस्तकांच्या देवघेवीला संगणकाची पदवी कशाला?’ असे आपण विचारले आहे. आपली काळजी मला समजते, तरी माझे मत मुलीच्या बाजूने आहे.

मध्यंतरी एका ग्रंथालयाच्या ऑनलाइन सूचीत मी ‘गाथा’ हा शब्द देवनागरीत टाइप केला. उत्तर आले, ‘शून्य नोंदी’. कपाटात मात्र गाथेच्या दोन प्रती होत्या. त्यांची नोंद कोणीतरी फक्त रोमन लिपीत करून ठेवली होती. बडोद्यात मराठी, गुजराती, हिंदी आणि इंग्रजी वाचणारी माणसे एकाच दारातून आत येतात, म्हणून येथे ही चूक फार महाग पडते. नुसता प्रोग्रामर शोधाचे पान देखणे करून देईल, पण एका ग्रंथाची नोंद मूळ लिपीत आणि लिप्यंतरातही कशी ठेवावी, हे सूचीकरण शिकलेल्यालाच उमगते. आणि ‘शून्य नोंदी’ दिसताच त्याच पानावर ग्रंथपालांना विचारण्याची सोय हवी, हे बहुधा वेब जाणणाऱ्यालाच सुचते. दोन्ही येणारी माणसे फार थोडी आहेत, आणि आपली मुलगी त्यांतली होऊ शकते.

न्यूझीलंडमधील एका ग्रंथालयासाठी तयार झालेली आणि 2000 सालापासून वापरात असलेली ‘कोहा’ ही ग्रंथालयाचा कारभार सांभाळणारी, कोणालाही विनामूल्य वापरता येणारी मुक्त संगणक प्रणाली आपल्याकडेही अनेक ग्रंथालयांत आहे. तिच्यातून वाचक घरबसल्या पुस्तक राखून ठेवतो, मुदत वाढवून घेतो, खरेदीची शिफारस पाठवतो, आणि ग्रंथपालांनी तपासल्यावर त्याचा अभिप्रायही पुस्तकाच्या नोंदीखाली दिसतो. सोय सुरू करणे अवघड नाही; आलेल्या शिफारशीला वेळेवर उत्तर देणे हेच खरे काम आहे. दोनदा विचारून उत्तर न मिळालेला वाचक तिसऱ्यांदा विचारत नाही. कोणी काय वाचले ही माहिती इतरांच्या हाती पडू न देण्याची जबाबदारीही याच कामात येते.

हे काम बडोद्याला परके नाही. महाराजा सयाजीरावांनी 1910 साली अमेरिकन ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना येथे आणले आणि पुढे पेट्यांत भरलेली फिरती ग्रंथालये खेड्यापाड्यांत गेली. वाचकाच्या दारी जाण्याचा तो विचार आता पडद्यावर पुढे न्यायचा आहे.

पदवीनंतर महाराजा सयाजीराव विद्यापीठातच ग्रंथालयशास्त्राची पदवी घेता येते, पण तेवढ्यावर थांबू नये. महाविद्यालयातील ग्रंथपालपदासाठी पदव्युत्तर पदवीत 55 टक्के गुण आणि साधारणपणे नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा उत्तीर्ण असणे लागते. कायम जागा मोजक्या निघतात आणि सुरुवातीला कंत्राटी नोकरीची तयारी ठेवावी लागते, हे आपल्यापासून लपवत नाही. संकेतस्थळांचे कौशल्य जवळ असल्याने तिला दुसरे दारही उघडे राहील.

प्रवेशाचा अर्ज भरण्यापूर्वी तिने घरच्या संगणकावर कोहा बसवावे, घरातील शंभर मराठी पुस्तकांच्या नोंदी देवनागरीत कराव्यात आणि घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला त्यांतले एक पुस्तक शोधायला बसवावे. ते माणूस कोठे अडते, हे तिने शेजारी बसून वहीत टिपावे आणि ती वही घेऊन मला भेटावे.